पॉलिमर मातीचे अलंकार : कांडी, छेद आणि टोन

‘पॉलिमर क्ले’ या नावातील ‘क्ले’ या शब्दाने आपली फसगत होऊ नये. शाडू किंवा टेराकोटाची माती जमिनीतून येते आणि पाण्याने मळली जाते. पॉलिमर माती म्हणजे मुळात पी.व्ही.सी. या प्लॅस्टिकची बारीक भुकटी. तेलकट अशा प्लॅस्टिसायझरमुळे तिला मऊपणा येतो. तिच्यात पाणी नसल्याने ती उघड्यावर सुकून कडक होत नाही, आणि रंग तिच्या अंगातच मुरलेला असतो. या शेवटच्या गुणामुळे अलंकाराच्या संकल्पनाचा क्रमच बदलतो. मणी घडवून त्यावर नक्षी रंगविण्याऐवजी नक्षी आधी सिद्ध करावी लागते, मणी नंतर.

या द्रव्याचा इतिहास फार जुना नाही. जर्मनीतील ख्यातनाम बाहुलीकार केटे क्रूसे यांच्या कन्या सोफी यांनी घडणीचे साहित्य म्हणून ते विकसित केले. १९६४ साली ते एबरहार्ड फाबर या कंपनीकडे गेले आणि ‘फिमो’ या नावाने बाजारात आले. अमेरिकेतील ‘स्कल्पी’ही त्याच दशकातील. अलंकारकारांनी मात्र ते गांभीर्याने हाती घेतले ते १९८० नंतर, आणि तेही व्हेनिसच्या काचकामाकडून एक युक्ती उसनी घेऊन. तिचे नाव मिलेफिओरी, म्हणजे ‘सहस्र फुले’.

ही युक्ती समजायला आपल्याला व्हेनिसला जाण्याचे कारण नाही. अळूवडीचा उंडा कापला की प्रत्येक वडीवर तेच वलय दिसते; कारण वलय वडीवर काढलेले नसते, ते उंड्याच्या आरपार गेलेले असते. पॉलिमर मातीची कांडी अशीच रचतात. निरनिराळ्या रंगांचे दांडे, पट्ट्या व पापुद्रे एकत्र बांधून एक जाड कांडी करायची, ती चहूबाजूंनी दाबून बारीक करायची आणि चकत्या पाडायच्या. कांडी कितीही बारीक केली तरी छेदातील चित्र त्याच प्रमाणात लहान होत जाते.

थोडे गणित केले म्हणजे यातील लाभ आणि धोका दोन्ही कळतात. ४ सेंटिमीटर जाड व ५ सेंटिमीटर लांब कांडी १ सेंटिमीटर जाडीपर्यंत आणली, तर छेदाचे क्षेत्रफळ सोळापट घटते आणि लांबी ८० सेंटिमीटर होते. टोकांची वेडीवाकडी झालेली माती सोडली तरी २ मिलिमीटरच्या तीनशेहून अधिक चकत्या सहज निघतात. पण मूळ कांडीत २ मिलिमीटर जाड असलेली रेघ आता अर्ध्या मिलिमीटरची झालेली असते. ती शेजारच्या रंगात हरवली, तर तीनशे चकत्यांत हरवली! कांडी पुन्हा जाड करता येत नाही.

रेघ का हरवते? येथे रंगशास्त्राच्या तासाला ऐकलेले कामाला येते. पॅरिसच्या गोबलॅं कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्ह्रल यांनी १८३९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे रूप बदलतात. रंगांचे कण अतिशय बारीक झाले की डोळा ते वेगळे न पाहता मिसळून पाहतो. लाल व हिरवा हे रंगचक्रावर समोरासमोर असले, तरी दोहोंचा टोन सारखा असेल तर बारीक कांडीत त्यांचा मळकट करडा-तपकिरी ठिपका होतो. याउलट गडद निळा व फिकट निळा हे एकाच घराण्यातले असूनही स्पष्ट वाचता येतात. तेव्हा कांडी रचण्याआधी दोन्ही रंगांचे गोळे शेजारी ठेवून मोबाईलवर कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. छायाचित्रात ते एकच दिसले, तर मधे पांढऱ्याचा किंवा काळ्याचा पापुद्रा घालावा.

मातीचा घट्टपणाही सारखा हवा. मऊ रंग दाबाने टोकांकडे पळतो, कडक रंग मागे राहतो आणि फुलाची पाकळी फुगते. दाब मधून सुरू करावा, कांडी सतत फिरवीत राहावी, आणि कापण्यापूर्वी ती थंड होऊ द्यावी.

हल्लीच्या एकदिवसीय कार्यशाळांविषयी माझी तक्रार येथेच आहे. शिक्षकाने ठरविलेले फूल सर्वांनी त्याच रंगांत करायचे आणि संध्याकाळी कर्णफुले घेऊन घरी जायचे! हात थोडा वळतो, पण डोळ्याला काही शिकायला मिळत नाही. पहिला दिवस केवळ काळ्या-पांढऱ्या मातीला द्यावा: वलय, पट्टे, चौकटी एवढेच. त्यानंतर रंग. ज्युडिथ स्किनर यांच्या नावाने ओळखली जाणारी मिश्रणरीत तेव्हा शिकवावी. दोन रंगांचे त्रिकोण जोडून आयत करायचा, तो नेहमी एकाच दिशेने दुमडून पास्ताच्या हातयंत्रातून वीस-पंचवीस वेळा काढायचा. एका रंगातून दुसऱ्यात सावकाश जाणारा पट्टा मिळतो. यंत्र नसेल तर लाटण्यानेही होते, वेळ मात्र लागतो.

भाजणीबाबत निष्काळजीपणा नको. फिमो साधारण ११० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजतात. इतर मातींसाठी वेष्टनावरील सूचना पाहावी. ओव्हनच्या बटनावर विश्वास न ठेवता आत वेगळा तापमापक ठेवावा. कमी भाजलेला मणी ठिसूळ राहतो. फार तापला तर पी.व्ही.सी. विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू सुटतो. खिडक्या उघड्या असाव्यात, आणि या कामाची लाटणी-सुऱ्या पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नयेत.

पिरोजा, हस्तिदंत, अंबर यांची नक्कल या मातीत हुबेहूब साधते. सराव म्हणून ती ठीक. पण फिलाडेल्फियाच्या स्टीव्हन फोर्ड व डेव्हिड फोर्लानो या जोडीचे काम पाहिले की नकलेची गरज उरत नाही. त्यांनी या मातीला चांदीची जोड दिली, तीही माती म्हणूनच दिसू देऊन.

राहिली ओवणी. बोरमाळेत वा जोंधळी पोतेत एकच साधा आकार पुन्हा पुन्हा येतो. नक्षी अशी नसतेच, लय असते. कांडीचा प्रत्येक मणी मात्र स्वतःच चित्र असतो. असे तीस मणी सलग ओवले तर डोळ्याला विसावा नाही. कांडीतल्याच एखाद्या गडद रंगाचे साधे मणी मधे घ्यावेत, आणि नक्षीचे पाच-सातच ठेवावेत. भोके भाजण्यापूर्वी सुईने दोन्ही बाजूंनी पाडावीत. एकाच बाजूने सुई घातली की पलीकडची चकती उचकटते.