लेक शहरात शिकतेय, तिच्या मनाची विचारपूस कशी करावी?

आपल्या गटांतल्या कितीतरी जणींची मुलं-मुली आज पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे शिकतात. कुणी गटाच्या अंतर्गत कर्जातून फी भरली, कुणी शेळ्या विकून. फोनवर आपण विचारतो, "जेवलीस का? अभ्यास चाललाय ना?" ती म्हणते, "हो आई, सगळं ठीक आहे." हे 'ठीक' खरंच ठीक आहे का, ते ओळखायचं कसं? या पाठात तेच पाहू.

१. मन का थकतं?

गावात मराठीतून शिकलेल्या मुलीला तिथे एकदम इंग्रजीतून शिकावं लागतं. बारावीला पहिली आलेली पोर पहिल्याच सत्रात एखाद्या विषयात नापास होते. होस्टेलवर बोलीवरून थट्टा होते, शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत. त्यात "घरच्यांनी माझ्यासाठी कर्ज काढलंय" हे ओझं असतंच.

मुलींना आणखी एक भीती असते. त्रास होतोय असं सांगितलं, तर घरचे परत बोलावतील आणि लग्न लावून देतील. म्हणून ती गप्प राहते. तेव्हा पहिलं काम आपलं आहे. तिला स्पष्ट सांगायचं: "खरं सांगितलंस म्हणून तुझं शिक्षण बंद करणार नाही."

२. कोणत्या खुणा पाहायच्या?

- झोप लागत नाही, किंवा दिवसभर झोपूनच राहते.
- जेवण कमी झालंय, डोकं-पोट सारखं दुखतं.
- फोन टाळते, सणालाही घरी यायला नको म्हणते.
- चिडचिड करते, वर्गात जात नाही.
- "माझा काही उपयोग नाही" असं बोलते.

एखादा दिवस वाईट जाणं वेगळं. यातल्या काही खुणा दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकल्या, तर मदत घ्यायची. शेवटच्या खुणेसाठी मात्र थांबायचं नाही, लगेच बोलायचं.

३. बोलायचं कसं?

गटात एखादीचा हप्ता चुकला की आपण आधी तिच्या घरी जाऊन काय अडचण आहे ते विचारतो. लेकरालाही तसंच विचारायचं.

"किती मार्क पडले?" याऐवजी "या आठवड्यात कशाचा त्रास झाला?" असं विचारा. मग मध्ये न बोलता ऐका. "आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं" हे वाक्य टाळा. विषय राहिला तर सांगा की परत परीक्षा देता येते. एटीकेटीच्या नियमात बसत असेल, तर विषय राहूनही पुढच्या वर्गात जाता येतं. वेळेवर झोप, दोन वेळचं जेवण, थोडं चालणं आणि मन मोकळं करायला एक मैत्रीण, एवढं तिने सांभाळावं.

जीव नकोसा झाल्यासारखं ती बोलली, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं, तर तिला एकटं सोडू नका. वॉर्डन किंवा मैत्रिणीला लगेच तिच्याजवळ थांबायला सांगा आणि डॉक्टरांकडे न्या. धोका वाटला तर ११२ ला फोन करा.

४. मदत कुठे मिळते?

- टेली-मानस, १४४१६: केंद्र सरकारची ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. मुलीने करावा, आईनेही करावा.
- जिल्हा रुग्णालय: मानसोपचार विभागात दाखवा.
- कॉलेज: समुपदेशक आहे का, ते वर्गशिक्षक किंवा वॉर्डनला विचारा.

"बाहेरचं झालंय" म्हणून अंगारे-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. लोकांना कळेल, लग्न जुळणार नाही, ही काळजीही बाजूला ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार सरकारी उपचार मिळण्याचा आणि उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तिला आहे.

५. बैठकीत चर्चा करा

१. आपण फोनवर मुलांना रोज काय विचारतो?
२. मुलगी "मला इथे जमत नाही" म्हणाली, तर आपलं पहिलं वाक्य काय असेल? जोडीने बोलून दाखवा.
३. एखादीच्या घरची अशी गोष्ट कळली, तर ती गटाबाहेर जाऊ नये म्हणून काय ठरवू?

या आठवड्याचं काम: १४४१६ हा नंबर प्रत्येकीने आपल्या आणि लेकराच्या मोबाईलमध्ये सेव्ह करायचा. पुढच्या बैठकीत सचिव ताईंनी विचारून घ्यावं.