धंद्याचा हिशोब कुठे कुठे ठेवावा?



या अंकात संगणकाच्या तासाचा एक विषय घेतला आहे. तो फक्त दहावीच्या मुलांपुरता नाही. आपले कित्येक पालक साखर कारखाना, कापड मिल किंवा पेढीवर हिशोबाचे काम पाहतात.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला व सुरत शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा वेळी तळमजल्यावरच्या ऑफिसात संगणक बुडतो आणि त्याच टेबलाच्या खणात ठेवलेली बॅकअपची सीडीही बुडते. प्रत असते, पण एकाच छताखाली. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हा असंख्य कागदी फायली अशाच गेल्या.

यावर जाणकारांचा नियम आहे तीन-दोन-एक. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. बारडोलीच्या कारखान्याने ती सुरतेला ठेवावी का? मला ते पुरेसे वाटत नाही. पाऊस दोन्हीकडे एकच, मिंढोळा आणि तापी एकाच आठवड्यात फुगू शकतात. पुण्याची शाखा किंवा क्लाउड बरे. कंपनी असेल व हिशोब संगणकावर असेल, तर ऑगस्ट २०२२ पासून त्याचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर रोज ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

विक्रेता सांगेल, "सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, एक बिघडली तरी दुसरी चालते." ही सोय चांगली, पण हा बॅकअप नव्हे. चुकून एखादे खाते पुसले तर ते दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसले जाते. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय व्हायरसने फायलींना कुलूप लावून खंडणी मागितली. असा व्हायरस जोडून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कलाही सोडत नाही. म्हणून एक प्रत वायर काढून कपाटात हवी.

बॅकअप किती वेळाने घ्यावा, हे धंद्यावर आहे. मालकाला विचारा, किती तासांचे काम पुन्हा करणे परवडेल? मिलच्या हिशोबाला रोज रात्रीचा बॅकअप चालेल. गाळप हंगामात वजनकाटा रात्रंदिवस चालतो, तिथे तासातासाला हवा. (शेतकऱ्याच्या हातातली वजनाची पावती हीसुद्धा दुसऱ्या जागी ठेवलेली प्रतच आहे. ती फेकू नये!)

सर्वात दुर्लक्षित काम म्हणजे परीक्षा. महिन्यातून एकदा बॅकअपमधून एखादा जुना महिना दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा, बेरजा जुळतात का तपासावे. त्याचा पासवर्ड एकट्या मुनीमजीकडे नको, दोघांकडे असावा. विश्वस्तांना विनंती की आपल्या शाळेच्या जनरल रजिस्टरबाबत हाच विचार पुढच्या सभेत घ्यावा. जन्मतारखेच्या दाखल्यासाठी जुने विद्यार्थी कितीतरी वर्षांनी येतात.

आता दहावीसाठी गणित. एका मिलची माहिती २०० जीबी आहे, इंटरनेट सेकंदाला २० मेगाबिट वर पाठवते. १ बाइट म्हणजे ८ बिट, म्हणून पहिला पूर्ण बॅकअप ८०,००० सेकंद, म्हणजे सुमारे २२ तास घेईल. रोज फक्त बदललेली २ जीबी माहिती पाठवली, तर किती मिनिटे लागतील? आणि मिल बुडाल्यावर सगळे परत आणायला तेवढ्याच वेगाने किती वेळ थांबावे लागेल? दोन्ही उत्तरे वहीत लिहून सोमवारी वर्गात दाखवावीत.