शेकाच्या दिवसांत खाडा नको

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होतं, टाके निघतात, काहींचे केमोही संपतात, आणि मग डॉक्टर सांगतात, "आता शेक घ्यायचे." आपल्याकडे रेडिएशनला शेक म्हणतात, कुणी लाईट म्हणतात. शब्द घरातला आहे, पण पहिली भीती त्यानंच घातली आहे. शेक म्हटलं की विस्तव डोळ्यांपुढे येतो. जत-आटपाडीकडून आलेली बाई पहिल्याच दिवशी विचारते, "डॉक्टर, चटका किती बसतो?" चटका बसत नाही. छातीचा एक्स-रे काढताना जेवढं जाणवतं तेवढंच इथे जाणवतं, म्हणजे काहीच नाही. टेबलावर सरळ झोपवण्यात वेळ जातो. प्रत्यक्ष किरण मोजकी मिनिटं चालतात. त्या वेळी खोलीत तुम्ही एकट्या असता, पण बाहेरून कॅमेऱ्यात तुम्ही दिसता, तुमचा आवाजही ऐकू येतो. काही वाटलं तर बोला, मशीन लगेच थांबवता येतं.

दुसरा प्रश्न घरच्यांचा असतो. गाठ तर काढली, मग हे कशाला? ऑपरेशन डोळ्यांना दिसतं तेवढंच काढतं. आजूबाजूला राहिलेल्या, न दिसणाऱ्या पेशींसाठी किरण लागतात. जगभरातल्या १७ चाचण्यांमधल्या १०,८०१ स्त्रियांची माहिती २०११ मध्ये एकत्र मांडली गेली. स्तन राखून फक्त गाठ काढलेल्यांपैकी शंभरातल्या सुमारे ३५ जणींना दहा वर्षांत आजार उलटला. ज्यांनी शेकही घेतले, त्यांच्यात हा आकडा १९ वर आला. म्हणून स्तन राखला असेल तर बहुतेकींना शेक लागतातच. पूर्ण स्तन काढला असेल तर गाठ केवढी होती आणि काखेत आजार किती पसरला होता, त्यावर ठरतं.

आता एक गैरसमज, जो प्रतीक्षा करताना बाकावर बसल्या बसल्या तयार होतो. "माझ्या नणंदेला पंचवीस दिले, मला पंधराच का? योजनेतून आहे म्हणून कमी दिले का?" नाही हो, ताई. पूर्वी पाच आठवडे, पंचवीस वेळा, थोडे थोडे किरण देत. इंग्लंडमधल्या चाचण्यांचे निकाल २००८ मध्ये आले आणि तीन आठवड्यांत पंधरा वेळा दिले तरी गुण तितकाच येतो, हे दिसलं. २०२० मध्ये निवडक स्त्रियांसाठी एका आठवड्यात पाच वेळा देण्याचाही पर्याय पुढे आला. गाठीच्या जागेवर काहींना शेवटी जादा डोस देतात, तेवढे दिवस वाढतात. तुमचा आकडा तुमच्या रिपोर्टवरून ठरतो, नणंदेच्या नाही.

तयारीला लागा ती शेक सुरू होण्याआधी दोन-तीन आठवडे, आणि पहिली तयारी खांद्याची. टेबलावर हात डोक्यामागे नेऊन स्थिर झोपावं लागतं. ऑपरेशननंतर दुखेल म्हणून हात छातीशी धरून ठेवलेल्या बाईचा खांदा आखडतो, आणि मग आधी खांदा सोडवण्यातच दिवस जातात. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी हळूहळू वर चढत जायचं, कालच्या खुणेपेक्षा आज थोडं वर. केसही त्याच हातानं विंचरायचे. पण व्यायाम सुरू कधी करायचा, ते तुमच्या सर्जनला विचारून.

मग मोजमापाचा दिवस येतो. त्या दिवशी शेक नसतात. सीटी स्कॅन काढून किरण कुठून, कसे सोडायचे याचा आराखडा करतात आणि अंगावर खुणा करतात. कधी शाईच्या रेघा, कधी सुईनं केलेली टाचणीच्या डोक्याएवढी टिंबं. जत्रेत कपाळावर, हातावर गोंदून घेतलेल्या आपल्या आज्यांना हे समजावायला मला कधीच कष्ट पडले नाहीत: हे गोंदणच आहे, फक्त मशीनला वाट दाखवण्यासाठी. शाईची रेघ पुसली तर घरी पेनानं पुन्हा ओढू नका, दुसऱ्या दिवशी सांगा. डाव्या बाजूचा आजार असेल तर हृदय किरणांपासून लांब राहावं म्हणून काही ठिकाणी खोल श्वास घेऊन थोडा वेळ रोखायला सांगतात. तो सराव घरी अंथरुणावर पडल्या पडल्या करता येतो.

पूर्वी आपल्याकडच्या कितीतरी जणींना शेकांसाठी परळचं टाटा हॉस्पिटल गाठावं लागे. आता मिरजेत, कराडला, साताऱ्याजवळ शेंद्र्याला ही सोय आहे. म्हणून बऱ्याच जणी रोज घरून ये-जा करतात, आणि तिथेच खरी अडचण सुरू होते. शेक आठवड्यातून पाच दिवस, सलग असतात. मध्ये सुट्ट्या पडल्या तर उरलेल्या पेशींना सावरायला वेळ मिळतो. मशीन बंद पडलं किंवा सण आला तर चुकलेला दिवस आम्ही पुढे भरून काढतो, पण आपल्या मनानं घेतलेला खाडा नको. माझ्या अनुभवात बायका दुखतं म्हणून थांबत नाहीत. म्हशीची धार कोण काढणार, सुनेचं बाळंतपण, द्राक्षाची छाटणी, पालखी लोणंदला आली, अशा कारणांनी थांबतात. पालखीचं दर्शन घ्या, पण शेकाची वेळ सांभाळून, आणि आम्हाला आधी सांगून. घरच्यांना माझं सांगणं आहे की या तीन आठवड्यांची धार, वैरण आणि स्वयंपाक आधीच वाटून घ्या. आज तिला जमेल का, हा प्रश्न रोज सकाळी नव्यानं निघू देऊ नका. एसटीत स्त्रियांना अर्धं तिकीट आहेच. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, पण मंजुरी उपचाराआधी लागते, म्हणून रेशनकार्ड आणि आधार घेऊन मोजमापाच्या आधीच हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा.

त्वचेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खाडा पडण्याचं दुसरं कारण तीच. पहिला आठवडा काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जागा लाल किंवा काळसर होते, कोरडी पडते, खाज सुटते. स्तनाखालच्या घडीत आणि काखेत जास्त. शेक संपल्यावरही आठ-पंधरा दिवस हा त्रास वाढतो आणि मग उतरू लागतो. हे आधी माहीत नसलं की शेवटचा शेक झाल्यावर बाई घाबरते, आणि घरचे हळद उगाळतात.

हळदीचं सांगणं मला जड जातं. सांगली ही हळदीची पेठ. इथे बोट कापलं तरी हळद, बाळंतिणीला हळद, नवरीला हळद. तरीही या जागेवर हळदीचा लेप नको. लेपाखाली त्वचेचा खरा रंग झाकतो आणि जखम होते आहे का ते आम्हाला दिसत नाही, खुणा पुसतात, वाळलेला लेप खरवडताना नाजूक कातडी निघते. बाम, पावडर, गरम पिशवी, बर्फ, यांतलंही काही नको. भाजीतली हळद खुशाल खा, हळदीच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय घेऊ नका.

अंघोळ बंद करायची नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, न चोळता, आणि मऊ सुती कापडानं टिपून घ्यायचं. विभागातून दिलेलं मलम शेक झाल्यावर पातळ लावायचं. तार असलेली घट्ट ब्रा नको, जुन्या सुती साडीचा मऊ, सैल झंपर बरा. मंगळसूत्र बरोबर त्या जागी घासतं. काढायला मन होत नाही, हे मी समजू शकतो. काही जणी ते तेवढे दिवस आखूड काळ्या दोऱ्यात ओवून घेतात, काही जणी देवघरात ठेवतात. मशीनखाली जाताना तर ते काढावंच लागतं. उन्हात जाताना छातीवर पदर पूर्ण असू द्या. कातडी सोलून ओलसर झाली, फोड आले, वास येऊ लागला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी टेबलावर झोपण्याआधी सांगा. "सांगितलं तर शेक थांबवतील" म्हणून लपवणाऱ्यांचीच जखम चिघळते आणि मग खरोखर थांबवावे लागतात.

थकवा येतो. कामाचा थकवा झोपेनं जातो, हा तसा जात नाही. तरी दिवसभर पडून राहिलं तर तो वाढतो, रोज वीस-तीस मिनिटं चाललं तर आटोक्यात राहतो. पथ्य म्हणाल तर वेगळं काही नाही. मटकी, अंडं, दूध, शेंगदाणे, भाकरी पोटभर. कडक उपवास या दिवसांत नकोत. डोक्याचे केस या शेकांनी जात नाहीत. आणि मिशरी. ही तंबाखूच आहे, तिच्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं आणि त्वचा भरून यायला उशीर होतो. दात घासायला म्हणून लावलेलीही मोजली जाते.

बाहेरून दिलेले किरण अंगात राहत नाहीत. मशीन बंद झालं की संपले. नातवाला मांडीवर घ्या, स्वयंपाक करा, नवऱ्याशेजारी झोपा. वेगळं ताट, वेगळी खोली यांची काही गरज नाही, आणि तशी वागणूक मिळालेल्या बायका मला शेकापेक्षा त्यानं जास्त खचलेल्या दिसल्या आहेत.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूच्या हाताला पुढेही जपा. घट्ट बांगड्या नकोत, वैरणीचा भारा नको, उसाच्या पाल्यानं हात कापू नये म्हणून लांब बाह्या घाला. हात जड वाटू लागला, सुजला किंवा लाल झाला तर लगेच दाखवा.

शेक संपल्यावर एक ते सहा महिन्यांत काही जणींना कोरडा खोकला, थोडी धाप लागते. किरणांनी फुप्फुसाच्या कडेला आलेली ती सूज असू शकते, आणि बहुतेक वेळा औषधानं बरी होते. पण एक्स-रेवर तिचा डाग क्षयासारखा दिसू शकतो. गावातल्या डॉक्टरांकडे खोकला घेऊन जाल तेव्हा पहिलंच वाक्य "मी छातीला शेक घेतलेत" हे असू द्या, आणि शेकांची फाईल पिशवीत घालूनच घराबाहेर पडा.