कोंबडीचा कान

अंगणात दाणे टिपीत फिरणारी कोंबडी आपण नित्य पाहतो. तिला कान आहेत, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कारण ते पिसांखाली दडलेले असतात. परंतु या सामान्य पक्ष्याच्या कानात अशी एक शक्ती आहे, की जी तुम्हां-आम्हांला लाभलेली नाही.

ती कोणती, हे समजण्यासाठी प्रथम आपल्याच कानात डोकावले पाहिजे. ध्वनिलहरी पडद्यावर आदळल्या, की तो कंप पावतो. त्याला जोडलेली तीन चिमुकली हाडे हा कंप आतल्या कानाकडे पोचवितात. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची, द्रवाने भरलेली एक नळी असते. तिच्यात केसांसारखे सूक्ष्म तुरे असलेल्या पेशी ओळीने मांडलेल्या असतात. त्यांना केशपेशी म्हणतात. द्रव हलला, की वाऱ्याने शेतातील पीक लवावे तसे हे तुरे लवतात आणि विजेचा अतिसूक्ष्म संदेश मज्जातंतूवाटे मेंदूकडे धावतो. आईची हाक, शाळेची घंटा, पागोळ्यांची टपटप, सारे याच वाटेने आपणांस कळते.

एका कानात अशा पेशी किती असाव्यात? अवघ्या १५,००० च्या आसपास! डोळ्यातील प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक असतात, हे पाहिले म्हणजे कानाची पुंजी किती तुटपुंजी आहे ते उमगते. ती जन्मापूर्वीच मिळते. पुढे प्रचंड आवाज, काही तीव्र औषधे किंवा वार्धक्य यांमुळे जी पेशी मेली, ती कायमची गेली. माझ्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसत असे. हाक मारली तरी तो उत्तर देत नसे. म्हणून मी त्याला उद्धट ठरवून कितीदा तरी उभे केले. क्षयावरील इंजेक्शनांनी त्याचे कान गेले होते, हे वर्ष सरताना त्याच्या वडिलांनी मला सांगितले.

कोंबडीचे तसे नाही. १९८८ साली अमेरिकेतील कॉर्विन व कॉटँच यांचे कोंबडीच्या पिलांवरील, आणि रायल्स व रुबेल यांचे लावा पक्ष्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाले. मोठ्या आवाजाने या पक्ष्यांच्या केशपेशी मेल्या होत्या. पण काही दिवसांनी पाहावे, तो तेथे नव्या पेशी उगवलेल्या! शेजारच्या आधारपेशींनी विभागून ही उणीव भरून काढली होती. आधारपेशी माणसाच्या कानातही आहेत. परंतु त्या स्वस्थ बसून राहतात.

त्यांना जागे कसे करावे? शरीरात वृद्धिघटक नावाचे पदार्थ असतात. ‘वाढ’, ‘विभाग’, ‘अमुक प्रकारची पेशी हो’, असे हुकूम ते पेशींना देतात. मूळपेशी म्हणजे अद्याप कोणताही व्यवसाय न पत्करलेली पेशी. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठात मार्सेलो रिव्होल्टा व त्यांचे सहकारी यांनी मानवी मूळपेशींना वृद्धिघटकांकरवी असे हुकूम दिले. केशपेशींचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या ज्या मज्जापेशी असतात, त्या घडविणाऱ्या पेशी त्यांतून तयार झाल्या. जर्बिल नावाच्या उंदरासारख्या प्राण्यांच्या कानातील मज्जापेशी मुद्दाम नष्ट करून तेथे या नव्या पेशी सोडण्यात आल्या. दहा आठवड्यांनी त्या प्राण्यांची श्रवणशक्ती सरासरी ४६ टक्क्यांनी सुधारली, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले.

माणसाच्या बाबतीत मात्र वाट खडतर आहे. जपानमधील क्योटो येथे अकस्मात बहिरेपणा आलेल्या २५ रोग्यांच्या कानात वृद्धिघटक मिसळलेली जेली ठेवण्यात आली. निम्म्याहून अधिकांना काही गुण आला. पण या विकारात काही जण आपोआपही बरे होतात, त्यामुळे श्रेय कोणाला द्यावे हा प्रश्न उरलाच. आधारपेशींना चेतविण्यासाठी अमेरिकेत तयार केलेले एक औषध २०२३ साली रोग्यांवरील कसोटीस उतरले नाही. शस्त्रक्रियेने कानात यंत्र बसवितात, ते मेलेल्या केशपेशींना वगळून थेट मज्जातंतूला विजेचे संदेश देते. पेशी काही ते उगवून देत नाही.

माझा तो विद्यार्थी परवा भेटला. तो माझ्या ओठांकडे पाहत होता, आणि मी कानामागे हात धरून त्याचे बोलणे ऐकत होतो.