डब्यावरचे लहान नाव

तुमच्या घरी शेती असेल तर अवजारांच्या खोलीत किंवा गोठ्याच्या फळीवर कीटकनाशकाचा एखादा डबा असण्याचा संभव आहे. शेती नसली तरी झुरळे, ढेकूण किंवा डास मारण्याची बाटली असेलच. तिला आपण 'औषध' म्हणतो. कपाशीवर औषध मारले, ढेकणांसाठी औषध आणले, असे किती सहज बोलून जातो! पण जे जीव घेण्यासाठीच तयार केले, ते विष होय. आज या विषाचा डबा आपल्याला उघडायचा नाही, हातात घेऊन हलवायचाही नाही. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन त्याचे लेबल तेवढे वाचायचे आहे.

लेबलावर एका कोनावर उभा केलेला चौकोन शोधा, पत्त्यांतल्या चौकटसारखा. त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालच्या त्रिकोणात एक ठळक रंग असतो: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल रंगाच्या वरच्या भागात कवटी व हाडांची फुली आणि 'विष' हा शब्द असतो. पिवळ्यावर कवटी नसते, पण 'विष' हा शब्द असतोच. निळ्यावर 'धोका' आणि हिरव्यावर 'सावधान' अशा अर्थाचा शब्द असतो. ही पद्धत १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली केलेल्या १९७१च्या नियमांनी आपल्या देशात लागू झाली. वाचता न येणाऱ्यालाही धोका कळावा, हा तिचा हेतू.

रंग कोणी ठरवला? प्रयोगशाळेत उंदरांना ते विष वेगवेगळ्या मात्रेत देतात. ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात तिला आपण अर्धमारक मात्रा म्हणू. ती प्राण्याच्या वजनाच्या दर किलोग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये सांगतात. पोटात गेल्यावर ही मात्रा ५० किंवा त्याहून कमी असेल तर रंग लाल. ५१ ते ५०० असेल तर पिवळा. ५०१ ते ५,००० असेल तर निळा आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा. आकडा जितका लहान तितके विष जहाल, हे ध्यानात ठेवा. पहिल्यांदा वाचणाऱ्याचा येथे हमखास गोंधळ होतो. हा हिशेब वजनाशी बांधलेला असल्यामुळे आणखी एक गोष्ट उघड होते. जेवढे विष ६० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात गेले तेवढेच ३० किलोच्या मुलाच्या अंगात गेले, तर मुलाच्या वाट्याला दर किलोमागे दुप्पट मात्रा येते. 'मुलांच्या हाती लागू देऊ नये' हे वाक्य प्रत्येक डब्यावर उगाच छापलेले नाही.

आता हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक, असे मात्र समजू नका. हा रंग एकाच वेळी अंगात गेलेल्या विषाबद्दल सांगतो. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे जात राहिले तर काय होते, याविषयी तो मुका आहे. डीडीटीचे उदाहरण पाहा. त्याचा कीटकनाशक गुण पाउल म्यूलर यांनी १९३९मध्ये ओळखला आणि त्याबद्दल त्यांना १९४८चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणूस त्याने झटकन दगावत नाही, म्हणून ते जगभर सढळ हाताने फवारले गेले. पण ते लवकर विघटन पावत नाही. चरबीत साठते, माशांतून मासे खाणाऱ्या पक्ष्यांत जाते. गरुड आणि ससाण्यांच्या अंड्यांची कवचे इतकी पातळ होऊ लागली की ती उबवतानाच फुटत. रेचेल कार्सन यांच्या १९६२च्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकाने या गोष्टी सामान्य वाचकापर्यंत नेल्या. भारतात शेतीसाठी डीडीटी वापरण्यास १९८९मध्ये बंदी आली.

रंग पाहून झाला? मग त्याच लेबलावर दोन नावे शोधा. मोठ्या, रंगीत अक्षरांतले नाव कंपनीने दिलेले असते. ते वीज, वाघ, विजय असे काहीही असू शकते आणि त्यावरून आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. दुसरे नाव लहान अक्षरांत असते: क्लोरपायरीफॉस, सायपरमेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड यांसारखे. हे आतल्या रसायनाचे नाव. एकच रसायन अनेक कंपन्या अनेक नावांनी विकतात, तेव्हा दोन निराळे डबे आणले म्हणजे दोन निराळी विषे आणली असे होत नाही. लहान नावाच्या पुढे एक आकडा आणि दोन अक्षरे असतात, उदाहरणार्थ '२० टक्के ईसी'. आकडा मूळ विषाचे प्रमाण सांगतो. 'ईसी' म्हणजे पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे होणारे द्रावण. त्यात विषाखेरीज खनिज तेलासारखा द्रावकही असतो. या द्रावकाची आठवण ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

हे लहान नाव इतके महत्त्वाचे का? कारण डॉक्टरांचे उपचार बहुधा त्याच्यावर अवलंबून असतात. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटते आणि त्याने स्नायूंना, ग्रंथींना निरोप पोचतो. निरोप पोचला की एक विकर ते द्रव्य ताबडतोब मोडून टाकते. क्लोरपायरीफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषे नेमके हे विकरच निकामी करतात. मग निरोप थांबतच नाही. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, अंगाला घाम. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. स्नायू फडफडतात, छातीत स्राव भरतो आणि श्वास घेणे कठीण होते. यावर डॉक्टर ॲट्रोपीन देतात. ते त्या निरोपाची वाटच अडवते. गंमत अशी, की ॲट्रोपीन हेही बेलाडोना आणि धोतरा यांच्या कुळातल्या वनस्पतींत सापडणारे विषच आहे! पण उंदीर मारण्याच्या काही विषांनी रक्त गोठेनासे होते, आणि त्याची लक्षणे दोन-तीन दिवसांनी दिसतात. तेथे ॲट्रोपीनचा काय उपयोग? तेथे के जीवनसत्त्व लागते. आणि पॅराक्वाट नावाच्या तणनाशकाच्या विषबाधेत तर एरवी जीव वाचवणारा प्राणवायू जास्त दिला तर फुप्फुसांची हानी वाढू शकते. डॉक्टर कितीही हुशार असले तरी नावाशिवाय त्यांना अंधारात चाचपडावे लागते.

नाव नाहीसे झाले की काय होते? १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी शाळेतले दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस असल्याचे तपासणीत आढळले. तेल दिसायला तेलच होते! म्हणून कीटकनाशक मूळ डब्यातून काढून सरबताच्या बाटलीत किंवा तेलाच्या डब्यात भरून ठेवू नये, आणि रिकामा डबा कितीही धुतला तरी पाण्याला, तेलाला, धान्याला वापरू नये. दुकानदाराने सुटे ओतून दिलेले कीटकनाशक घेऊच नये. त्या पुडीला किंवा बाटलीला नावही नसते आणि रंगही नसतो.

कोणाला विषबाधा झालीच, तर पहिल्या काही मिनिटांत करण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत. त्या माणसाला फवारणीच्या जागेपासून दूर आणावे. भिजलेले कपडे काढून अंग साबणाने व भरपूर पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने आपल्या हातांना विष लागू देऊ नये. डोळ्यांत गेले असेल तर स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे डोळे धूत राहावे. पोटात गेले असेल तर मीठपाणी पाजून उलटी काढण्याची खटपट करू नये. मघाचा द्रावक आठवतो ना? उलटीबरोबर तो श्वासनलिकेत शिरला तर फुप्फुसांचे नुकसान करतो. दूध, तूपही पाजू नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. १८०० ११६ ११७ या निःशुल्क क्रमांकावर तेथे सल्ला मिळतो आणि तो डॉक्टरांनाही विचारता येतो. मात्र सल्ल्याची वाट पाहत घरी थांबू नये. दवाखान्यात जाताना डबा घट्ट बंद करून पिशवीत घ्यावा, नाहीतर लेबलाचे छायाचित्र तरी घ्यावे.

विष पोटातच जावे लागते असेही नाही. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्या शेकडो शेतकऱ्यांना व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण मरण पावले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला पोचली होती. फवारा डोक्याच्या वर मारावा लागे आणि तोच तोंडावर, अंगावर उतरे. एकाच पंपात दोन-तीन विषे मिसळण्याचीही रीत पडली होती. घामाने ओल्या कातडीतून आणि श्वासातून विष आत गेले. फवारणाऱ्या मजुरांपैकी कित्येकांनी तो डबा पाहिलाही नसेल, कारण द्रावण कालवणारा वेगळा आणि पंप पाठीवर घेणारा वेगळा. माहितीपत्रक डब्यासोबत मिळते आणि नियमाप्रमाणे त्यात प्रादेशिक भाषाही असते. पण अक्षर इतके बारीक, की चाळिशी उलटलेल्या माणसाला ते चष्म्याशिवाय लागत नाही. तुमचे डोळे चांगले आहेत. फवारणीच्या आदल्या दिवशी ते पत्रक सर्वांना, विशेषतः पंप घेणाऱ्याला, मोठ्याने वाचून दाखवता येईल.

त्या पत्रकात हातमोजे, चष्मा, मुखवटा, लांब बाह्यांचा सदरा सांगितलेला असतो. तो सल्ला बरोबरच आहे. पण ऑक्टोबरच्या उन्हात, विदर्भाच्या शेतात, हा सारा पोशाख चढवून चार तास काम करणे किती अवघड आहे हे सल्ला लिहिणाऱ्यांनी एकदा करून पाहायला हवे! तेव्हा फवारण्याच कमी कराव्या लागतील अशी सोय करणे, हे त्याहून भरवशाचे.

त्यासाठी विचारायचे कोणाला? बहुतेक जण दुकानदाराला विचारतात. तो जवळ असतो आणि उधारही देतो. पण माल विकणे हा त्याचा धंदा आहे. तालुक्याचे कृषी कार्यालय, जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र, राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे, कपाशीसाठी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, यांना विकायचे काही नसते. किसान कॉल सेंटरच्या १८०० १८० १५५१ या क्रमांकावर मराठीतही विचारता येते. विचारताना 'कपाशीवर कोणते औषध मारू?' असे विचारू नका. कीड कोणती, पानाच्या खाली की बोंडात, दहा झाडांवर किती, हे सांगा. आणि दुकानदाराने सुचवलेले रसायन त्या पिकासाठी मंजूर आहे का, हे लहान नाव सांगून विचारा. फरिदाबादचे केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समिती कोणते रसायन कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी चालते याच्या याद्या प्रसिद्ध करते. याला शेतकरी 'लेबल क्लेम' म्हणतात. टोमॅटोवर मंजूर नसलेले विष टोमॅटोवर मारले, तर ते तोडणीपूर्वी किती दिवस आधी थांबवावे हेही कोठे लिहिलेले सापडत नाही.

कीड मोजण्याचे एक सुंदर साधन म्हणजे कामगंध सापळा. मादी पतंग एक गंध सोडते आणि नर त्या मागावर येतो. असा गंध पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात मिळवला तो १९५९मध्ये जर्मन शास्त्रज्ञ बुटेनांट यांनी. त्यासाठी त्यांना रेशमाचे सुमारे पाच लाख मादी पतंग खर्ची घालावे लागले! आता गुलाबी बोंडअळीच्या पतंगाचा कृत्रिम गंध लहानशा रबरी गोळीत मिळतो. हेक्टरी पाच सापळे लावतात आणि रोज सकाळी अडकलेले नर मोजतात. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग मिळाले, तर उपायाची वेळ आली असे समजतात. त्याहून कमी असतील तर पंप खोलीतच राहू द्यावा. दरम्यान ढालकिडे मावा खात असतात आणि क्रायसोपाच्या अळ्याही तेच करतात. जहाल फवारा यांना आधी मारतो, आणि मग माव्याला मोकळे रान मिळते.

फवारायची वेळ आलीच तर सुरुवात निंबोळी अर्काने करता येते. निंबोळीतले ॲझाडिरॅक्टिन किडीला झटकन मारत नाही. त्याने तिची खाण्याची इच्छा जाते आणि कात टाकण्याची क्रिया बिघडते. दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंत दिसल्या म्हणून निराश होऊ नये. मात्र वनस्पतीपासून केले म्हणजे निरुपद्रवी, हा समजही खोटा. तंबाखूच्या काढ्यातले निकोटिन माणसालाही अत्यंत घातक आहे. तो काढा घरी करू नये.

निंबोळ्या उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या सुरुवातीला झाडाखाली पडतात. त्या वेचून गर काढावा व बिया सावलीत वाळवाव्यात. पाच किलो बियांचा भरडा नऊ-दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावा. सकाळी ढवळून फडक्यातून गाळावा, त्यात लिटरभर पाण्यात विरघळवलेला २०० ग्रॅम साबण घालावा आणि पाणी घालून एकूण १०० लिटर करावे. साबणामुळे अर्क पानावर पसरतो आणि चिकटतो. उन्हाने ॲझाडिरॅक्टिनचे विघटन होते, म्हणून फवारणी संध्याकाळी करावी आणि उरलेला अर्क दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.