पाण्याचे शेअर : मागणी सर्वांची, पैसे कोणाचे?





मागच्या पालकसभेनंतर एक आजोबा थांबले. भेलमधून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली. पिपलानीचे क्वार्टर सोडून ते अवधपुरीत स्वतःच्या घरी राहायला आले आणि आता त्यांचा नातू आपल्याकडे अकरावी कॉमर्सला आहे. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर नातवाने पाच कंपन्यांची नावे लिहून दिली होती. कोणी पंप बनवते, कोणी पाईप, कोणी सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रे. आजोबा म्हणाले, "मॅडम, पोरगा म्हणतो, पुढच्या काळात पाणीच सोनं होणार आहे, तेव्हा पाण्याचे शेअर घेऊन ठेवा. माझी ग्रॅच्युइटीची एफडी पुढच्या महिन्यात पिकते आहे. पुन्हा एफडी करू, की हे घेऊ?"

मी त्यांना तेव्हा उत्तर दिले नाही. कोणता शेअर घ्यावा हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तेवढे ज्ञानही नाही. पण नातवाचा तर्क कुठे अपुरा पडतो हे शिकवणे मात्र माझे कामच आहे, म्हणून हा लेख.

आधी शब्द पाहू. माझे सारे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. आमच्या पुस्तकात शेअरला 'अंश' आणि शेअर घेणाऱ्याला 'अंशधारी' म्हणत. मराठीत आपण 'समभाग' आणि 'भागधारक' म्हणतो. हिंदीतली 'पूँजी' म्हणजे आपले 'भांडवल'. लाभांश मात्र दोन्हीकडे लाभांशच. शब्द कोणताही घ्या, अर्थ एकच : शेअर घेणारा त्या धंद्याचा छोटासा भागीदार होतो. भागीदाराने पहिला प्रश्न कोणता विचारावा? "या मालाची गरज आहे का?" हा प्रश्न योग्यच आहे, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा : "या मालाचे पैसे कोण देतो, आणि केव्हा देतो?"

पाण्याच्या धंद्यात हा दुसरा अर्धा भागच भारी पडतो. आपल्या भोपाळचेच पाहा. मोठ्या तालाबाचे, कोलारचे आणि पंपांनी चढवून आणलेले नर्मदेचे पाणी आपल्या नळाला येते. पाण्यावाचून एक दिवस निघत नाही, तरी त्याचा दर बाजार ठरवत नाही, नगर निगम ठरवते. पंप, पाईप, शुद्धीकरण यंत्रणा हे सारे विकत घेणारा बहुतेक वेळा सरकार किंवा निगम असतो. असा ग्राहक बुडत नाही हे खरे, पण तो उशिरा पैसे देतो. आणि उशीर म्हणजे काय, हे जळगावच्या उदाहरणावरून फार चांगले समजते.

जळगावच्या भवरलाल जैन यांनी १९६३ मध्ये ७,००० रुपयांच्या भांडवलावर रॉकेल विकण्यापासून व्यवसाय सुरू केला. पुढे पीव्हीसी पाईप आले आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन. रोपाच्या मुळाशी थेंब थेंब पाणी देणारी ही पद्धत खानदेशातल्या केळीच्या बागांनी आपलीशी केली. जैन इरिगेशन ही ठिबक क्षेत्रातली जगातल्या अग्रगण्य कंपन्यांपैकी एक झाली. माल उत्तम, गरज खरी आणि उद्योजक असा की २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. नातवाच्या कसोटीवर ही कंपनी शंभरपैकी शंभर गुण मिळवील.

आता पैशाचा प्रवास पाहा. ठिबकचा संच घेणाऱ्या शेतकऱ्याला सरकार अनुदान देते. शेतकरी आपला वाटा देतो, कंपनी संच बसवते, आणि अनुदानाचा वाटा तपासणी होऊन, फाईल फिरून सरकारकडून यायचा असतो. तो यायला महिनोन्‌महिने लागतात, कधी त्याहून अधिक. तोपर्यंत कंपनीला प्लास्टिकचा कच्चा माल रोखीने घ्यावा लागतो आणि कामगारांचे पगार करावे लागतात. मग ती बँकेकडून कर्ज काढते. विक्री वाढली की येणे वाढते, येणे वाढले की कर्ज वाढते. परदेशातल्या कंपन्या विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज वेगळेच. भवरलालजींचे २०१६ मध्ये निधन झाले. २०१९ मध्ये कंपनीचे कर्जाचे हप्ते थकले. २०१८ च्या सुरुवातीला शंभरीच्या पुढे असलेला समभाग मार्च २०२० मध्ये दहा रुपयांच्याही खाली गेला. २०२२ मध्ये बँकांबरोबर कर्जाची फेरआखणी झाली, आणि २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन करून कर्जाचा मोठा भार उतरवण्यात आला. समभागही नंतर काहीसा सावरला. या सर्व काळात ठिबकची गरज एका थेंबानेही कमी झाली नव्हती, हे लक्षात घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, वही काढा. समजा, एका कंपनीची वर्षाची विक्री ४०० कोटी आहे आणि वर्षअखेर ग्राहकांकडून २०० कोटी येणे बाकी आहे. येणे भागिले विक्री, गुणिले ३६५, म्हणजे सुमारे १८३ दिवस. आज पाठवलेल्या मालाचे पैसे सहा महिन्यांनी! हे २०० कोटी अडकून पडलेले असताना कंपनीने तेवढेच कर्ज १२ टक्के व्याजाने घेतले, तर वर्षाचे व्याज २४ कोटी. आता व्याज वजा करण्यापूर्वीचा नफा विक्रीच्या ६ टक्के धरा. तोही २४ कोटीच! म्हणजे ४०० कोटींचा धंदा करून भागधारकाच्या हाती शून्य. वार्षिक अहवालात हे येणे 'ट्रेड रिसीव्हेबल्स' या नावाने ताळेबंदात सापडते. त्याच्याच जवळ कॅश फ्लो स्टेटमेंट असते. तिथे पहिल्या भागात, म्हणजे ऑपरेटिंग ॲक्टिव्हिटीजमध्ये, रोख खरोखर आत आली की बाहेर गेली ते दिसते. नफा आहे पण रोख नाही, असे सलग दोन-तीन वर्षे दिसले तर थांबून विचार करावा.

सरकारी योजना जाहीर झाली की शेअर वर जातात, म्हणून तेही पाहू. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली. ग्रामीण भागातील प्रत्येक घरात नळ, एकूण तरतूद ३ लाख ६० हजार कोटी. काम प्रचंड झाले आहे, कोट्यवधी घरांत नळ आले. पण २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात या योजनेसाठी ठेवलेले ७०,१६३ कोटी सुधारित अंदाजात २२,६९४ कोटींवर आले आणि मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवली गेली. पाईप पुरवणाऱ्याच्या जागी स्वतःला उभे करून हे दोन आकडे पुन्हा वाचा. अंदाजपत्रकातली रक्कम म्हणजे कंपनीच्या खात्यातली रक्कम नव्हे.

मग पाण्याच्या सगळ्याच कंपन्या वाईट का? मुळीच नाही. किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आले आहेत आणि त्यांचा एक कारखाना आपल्या देवासला आहे. पिथमपूरच्या शक्ती पंप्सचा समभाग सौर पंपांच्या मागणीमुळे २०२३ नंतर दीड-दोन वर्षांत कित्येक पटींनी वाढला. ज्याने आधी घेतला त्याचे भले झाले. पण त्याच्याही मोठ्या ग्राहकांत राज्य सरकारांच्याच यंत्रणा आहेत, तेव्हा प्रश्न तोच विचारायचा.

आणि आपली भेल? अवधपुरीतल्या अनेक घरांची चूल या कारखान्यावर पेटली. भोपाळच्या भेलमध्ये जलविद्युत केंद्रांची टर्बाइन बनतात, म्हणजे एका अर्थी तीही पाण्याचीच कंपनी. आपल्याइतकी तिची माहिती कोणाला असणार? तरी तिचा समभाग मार्च २०२० मध्ये २० रुपयांच्या आसपास होता आणि २०२४ मध्ये ३०० च्या वर गेला. गेट तेच, भोंगा तोच. त्या दोन्ही वेळी गेटातून आत जाणाऱ्या कोणालाही पुढचा भाव सांगता आला नसता. कंपनी ओळखीची असणे आणि तिचा भाव कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इंग्लंडमध्ये तर १९८९ साली पाणीपुरवठाच खासगी कंपन्यांना विकला गेला. लंडनची थेम्स वॉटर तेव्हा कर्जमुक्त होती. ग्राहक पळून जाणे शक्य नाही, दुसरा नळ नाही. तरी २०२४ पर्यंत तिच्यावर कर्जाचा असा डोंगर झाला की मालकांनी आणखी पैसे घालायला नकार दिला.

एक कबुली देते. १९९५ साली मी नोकरीला नुकतीच लागले होते. बाटलीबंद पाण्याचा कारखाना काढणार, असे सांगणाऱ्या एका कंपनीचा पब्लिक इश्यू आला. स्टाफरूममध्ये सगळे फॉर्म भरत होते. दहा रुपयांचे शंभर शेअर, हजार रुपये. तेव्हा ती रक्कम लहान नव्हती. माहितीपत्रकात पाच वर्षांनंतरचा नफा छापला होता, कारखान्याच्या जागी मात्र फक्त चित्र होते. मी नफा वाचला, चित्राकडे पाहिले नाही. दोन वर्षांनी कंपनीला लिहिलेले पत्र 'पत्त्यावर कोणी नाही' असा शेरा घेऊन परत आले. त्या काळात पैसे गोळा करून गायब झालेल्या अशा दोनशेहून अधिक कंपन्यांची यादी पुढे सरकारने केली. माझी सर्टिफिकेटे अजून ट्रंकेत आहेत. दर वर्षी अकरावीच्या वर्गात ती दाखवते, तेव्हा मुले हसतात. हसू द्यावे.

आज कागदी सर्टिफिकेट नाही, डीमॅट खाते आहे, सेबीची देखरेख आहे. पण टिप देणारा तेव्हाही होता, आजही आहे. इंदूरहून फोनवर शेअरच्या टिप्स विकणाऱ्या अनेक संस्थांवर सेबीने कारवाईचे आदेश काढलेले आहेत. फोन करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या यादीत स्वतः पाहा. पालकांनी आणखी एक करावे. मुलाच्या मोबाईलवर फ्युचर्स-ऑप्शन्सचा खेळ चालू आहे का, हे प्रेमाने विचारावे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलाचे खाते पालकांनीच चालवायचे असते, हेही लक्षात असू द्या.

विश्वस्त मंडळींपैकी एकदोघांनी शाळेच्या राखीव निधीविषयी सहज विचारले होते. धर्मादाय संस्थेचा पैसा कोठे ठेवावा हे आयकर कायद्याने ठरवून दिले आहे. खासगी कंपन्यांचे शेअर त्यात बसत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न घरांचा आहे, शाळेचा नाही.

आजोबांकडे पुन्हा वळते. मी त्यांच्या नातवाला बोलावून तो कागद परत दिला आणि पाचही कंपन्यांचे मागच्या तीन वर्षांचे अहवाल काढायला सांगितले. दोन कंपन्यांचे काम त्याने पुरे केले आहे. एकीचे येणे ७० दिवसांचे निघाले, दुसरीचे २१० दिवसांचे. दुसरीचे नाव यादीत सर्वांत वर होते. आजोबांनी एफडी वर्षभरासाठी पुन्हा केली आहे. उरलेल्या तीन कंपन्या बघून मग बसू, असे दोघांचे ठरले आहे.

अकरावी आणि बारावी कॉमर्सच्या विद्यार्थ्यांसाठी हाच प्रकल्प आहे. पाणी, वीज किंवा रस्ते यांपैकी कोणत्याही क्षेत्रातली एक कंपनी निवडा. तीन वर्षांची विक्री, येणे, कर्ज, व्याज आणि ऑपरेटिंग ॲक्टिव्हिटीजमधून आलेली रोख, हे पाच आकडे एका तक्त्यात मांडा आणि तिचे मोठे ग्राहक कोण ते खाली दोन ओळींत लिहा. अहवाल कंपनीच्या आणि शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ज्यांच्या घरी इंटरनेट नाही त्यांनी शनिवारी शेवटच्या दोन तासिकांत संगणक कक्षात यावे. वही आजी-आजोबांना दाखवून त्यांची सही घेऊन आणावी.