परसातील बियाणे : एक पाठ

माझी आई मोरीच्या सांडपाण्यावर परसात अळू, घेवडा व दोडका पिकवीत असे. दोडक्याचे एक निकोप फळ ती वेलावरच वाळू देई आणि त्याचे बी राखेत घोळून गाडग्यात ठेवी. ती वारली त्या वर्षी बी धरावयाचे कोणालाच सुचले नाही. तो वाण आमच्या घरातून कायमचा गेला.

म्हणून हा पाठ फळ्यावरच संपवू नये. प्रत्येक मुलाने आजीकडून थोडे बियाणे व त्याची माहिती आणावी. पावसाळ्याच्या आरंभी दहा बिया पेरून किती उगवल्या ते मोजावे, वहीत नोंदवावे. आणि एक उत्तम फळ बियांसाठी वेलावरच राखावे. पुढील वर्षाचा पाठ त्यातूनच उगवेल.